खऱ्या वाफेचं छोटं रेल्वे इंजिन: मराठवाड्यात बसून बनवायचं तर

लाइव्ह स्टीम म्हणजे शोकेसमध्ये ठेवायचं खेळणं नव्हे. बॉयलरखाली खरी आग असते, आत खरं पाणी उकळतं, त्याची वाफ सिलिंडरमध्ये जाऊन चाकं फिरवते आणि मागच्या ट्रॉलीवर बसून तुम्ही स्वतः गाडी हाकता. ५ इंची रुळावरचं साठेक किलोचं इंजिन सपाट रुळावर चार मोठी माणसं ओढतं. इंग्लंड-अमेरिकेत हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे, तिथे गावोगावी क्लब आहेत. आपल्याकडे करणारे तुरळक. तयार किट, तयार बॉयलर, जवळच्या क्लबचा रूळ यातलं काही मिळणार नाही असं धरूनच चाला. आपल्याकडे आहे ते वेगळं: वाळूज-चिकलठाण्यातले जॉबवर्कवाले, तालुक्याच्या गावातला एखादा लेथ, भंगाराचे बाजार आणि साखर कारखान्यांतून निवृत्त झालेले बॉयलर अटेंडंट. एवढ्यावर इंजिन उभं राहतं. वेळ मात्र लागतो. नोकरी-धंदा सांभाळून तीन ते पाच वर्षं धरा.

नवखा माणूस चाकांपासून विचार सुरू करतो, कारण चाकं दिसायला देखणी आणि लेथवर लवकर होणारी. मग दोन वर्षांनी चेसिस तयार होते आणि बॉयलर कुठून आणायचा हा प्रश्न पुढे येतो. अर्धवट इंजिनं शेडमध्ये धूळ खात पडतात ती बहुतेक याच टप्प्यावर. म्हणून माझं सांगणं असं, की हातकाम चेसिसपासून करा, पण कागदावर सगळ्यात आधी बॉयलर ठरवा: किती मोठा, कशाचा, कोण जोडणार आणि त्यात पाणी कुठलं घालणार.

माप

रुळांच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे गेज. माणूस ओढणाऱ्या इंजिनांची रूढ मापं तीन आहेत: साडेतीन इंच (८९ मिमी), ५ इंच (१२७ मिमी) आणि सव्वासात इंच (१८४ मिमी). साडेतीन इंची इंजिन एकट्याने उचलता येतं, पण त्याचे भाग बारीक असतात आणि आग इतकी लहान की सतत तिच्याकडे बघत बसावं लागतं. सव्वासात इंची इंजिन चालवायला सगळ्यात सुखाचं. ते सहज दीडशे-दोनशे किलोचं भरतं, त्यामुळे चेन पुली आणि हलवायला टेम्पो लागतो. पहिल्या इंजिनासाठी मी ५ इंचच सांगेन. ते दोघांना उचलता येतं आणि गाडीच्या डिकीत मावतं.

लातूरकरांसाठी इथे एक छान योग आहे. बार्शी लाइट रेल्वे २ फूट ६ इंचाची, म्हणजे ७६२ मिमीची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने उभारलेली ही लाइन १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. ७६२ ला १२७ ने भागलं तर बरोबर ६ येतात. म्हणजे ५ इंची रुळावर बार्शी लाइटचं इंजिन नेमकं एक-षष्ठांश मापात बसतं, कुठेही ओढाताण करावी लागत नाही. मनमाड-नांदेड पट्ट्यातल्या जुन्या मीटरगेजचं इंजिन करायचं तर प्रमाण साधारण एक-अष्टमांश येतं. नॅरोगेजचा फायदा असा, की त्याच रुळावर इंजिन मोठं आणि जड होतं, भाग हाताळता येतील एवढे जाड असतात आणि फायरबॉक्सचं, म्हणजे आग जळते त्या पेटीचं, दार फावडं आत जाईल इतकं रुंद मिळतं.

पण लगेच बार्शी लाइटच्या किटसन कंपनीच्या ०-८-४ इंजिनाच्या (पुढची मोकळी, मधली जोडलेली आणि मागची मोकळी चाकं असा हा आकड्यांचा क्रम) मागे लागू नका. आठ चाकं जोडलेली इंजिनं वळणावर त्रास देतात आणि पहिल्याच कामात चार एक्सल एका तालात आणणं ही शिक्षा आहे. पहिलं इंजिन ०-४-० किंवा ०-६-० असावं.

ड्रॉइंग

स्वतः डिझाइन करू नका. ज्या आराखड्यावर जगभर शेकडो इंजिनं चालली आहेत, त्यातला एक विकत घ्या. ५ इंचात ‘स्वीट पी’ हे नॅरोगेज वळणाचं ०-४-० आणि ‘सिम्प्लेक्स’ हे ०-६-० नवख्यांमध्ये पुष्कळ बनवलं जातं. सव्वासात इंचात ‘रोम्युलस’ आहे. स्वीट पीचा फायरबॉक्स गोल, नळकांड्यासारखा असतो. त्यामुळे सपाट पत्रे आणि त्यांना धरून ठेवणारे स्टे फार कमी लागतात. आपल्याकडे बॉयलर जोडणारा अनुभवी माणूस मिळणं अवघड, म्हणून ही गोष्ट मोलाची.

ही ड्रॉइंग इंचात असतात आणि त्यातले बारीक आटे (इंचाला ३२ किंवा ४०) इथल्या टूलच्या दुकानात मिळत नाहीत. बाहेरून टॅप-डाय मागवण्यापेक्षा एकदा बसून सगळे आटे मेट्रिक फाइनमध्ये बदलून घ्या: ८ मिमीला १ चा पिच, १० मिमीलाही १ चा. बॉयलरच्या बुशमध्ये (नळ-व्हॉल्व्ह बसवायच्या आटेदार कड्यात) जाड पिच वापरू नका, तिथे धातूची जाडीच कमी असते. बदललेली मापं ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कुठला बोल्ट कुठल्या भोकाचा हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

हत्यारं आणि माणसं

जुना राजकोटी लेथ, उभं ड्रिल मशीन, ग्राइंडर, चांगला व्हाइस, व्हर्निअर आणि डायल गेज एवढ्यावर काम सुरू होतं. १४० मिमीचं चाक फिरेल एवढा लेथ हवा, आणि चार जबड्यांचा चक हवाच. मिलिंग मशीन घ्यायच्या भानगडीत पडू नका. ते काम बाहेर द्या.

फ्रेमचे पत्रे लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्या, ५ इंची इंजिनाला ५ मिमी जाडीचे. एक गोष्ट त्याला नीट सांगा: एक्सलबॉक्सच्या (एक्सल फिरतो त्या ठोकळ्यांच्या) खाचा आणि महत्त्वाची भोकं मापापेक्षा १ मिमी लहान कापायची. लेझरने कापलेली कड कडक होते आणि भोकही तंतोतंत गोल येत नाही. दोन्ही फ्रेम एकावर एक बोल्टने आवळून ती भोकं तुम्ही स्वतः ड्रिल आणि रीमर मारून मापात आणा. दोन्ही बाजू जुळतात त्या अशाच.

जॉबवर्कवाल्याकडे जाताना एक नग घेऊन गेलात की तो टाळाटाळ करणार, कारण त्याचा धंदा हजारांच्या लॉटचा आहे. सोमवारी सकाळी जाऊ नका. दुपारनंतर, मशीन रिकामं असताना, ड्रॉइंगसोबत इंजिनाचा फोटो घेऊन जा. “साहेब, हे काय बनवायलात?” असा प्रश्न आला की काम झालंच म्हणून समजा. त्यानंतर टर्नरदादा स्वतःहून टॉलरन्स विचारतात.

चाकं, एक्सल आणि नव्वद अंश

चाकं बिडाची ओतून घेणं उत्तम. लाकडी पॅटर्न करताना बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं हे धरा आणि मशीनिंगसाठी सगळीकडून ३ मिमी सोडा. छोट्या लॉटचं ओतकाम करून देणाऱ्या फाउंड्र्या कोल्हापूरकडे पुष्कळ आहेत. एका इंजिनाची चाकं, सिलिंडर आणि धुराड्याचा तळ अशी सगळी पॅटर्न एकदम द्या, एकेका नगासाठी कुणी भट्टी लावत नाही. तेही जमत नसेल तर जाड पत्र्यातून स्पोक लेझरने कापून, बाहेरून कडं वेल्ड करून चाक करता येतं. बिडाइतकं सुबक दिसत नाही, चालतं मात्र तसंच.

५ इंची गेजला दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ११९ मिमी ठेवतात. चाकाचा व्यास ड्रॉइंगपेक्षा अर्धा मिमी कमी-जास्त झाला तर बिघडत नाही, पण जोडलेली सगळी चाकं आपसात सारखी हवीत. म्हणून सगळ्या चाकांचा शेवटचा कट एकाच बैठकीत, टूल न हलवता घ्या.

एका एक्सलवर डाव्या आणि उजव्या चाकाचे क्रँक एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणजे एक बाजू मृतबिंदूवर (पिस्टन टोकाला पोचून ढकलू शकत नाही त्या जागी) असली तरी दुसरी ढकलत राहते. इथे लोक प्रोट्रॅक्टर घेऊन नव्वद अंशांच्या मागे लागतात. खरं तर कोन ८९ आला तरी इंजिन पळतं. पण सगळ्या एक्सलवर तो तंतोतंत तोच हवा, नाहीतर चाकांना जोडणारा कपलिंग रॉड प्रत्येक फेऱ्यात अडकतो. त्यासाठी दोन व्ही-ब्लॉक आणि दोन टेकू असलेला एक जिग करा आणि प्रत्येक एक्सल त्याच जिगमध्ये बसवा. चाक एक्सलवर रिटेनिंग कंपाउंडने चिकटवलं तर ते पकडेपर्यंत फिरवून जुळवायला वेळ मिळतो. नंतर चावी किंवा पिन मारून पक्कं करा. कपलिंग रॉडच्या भोकांचं अंतर ड्रॉइंगवरून घेऊ नका. बसवलेल्या एक्सलचं प्रत्यक्ष अंतर मोजा आणि तेच रॉडवर उतरवा.

एक्सलबॉक्सला स्प्रिंग द्याच. आपला हौशी रूळ कधीच सपाट नसतो. स्प्रिंग नसेल तर एखादं चाक हवेत राहतं आणि गाडी घसरते.

सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि ताकदीचं गणित

सिलिंडर बिडाचा किंवा गनमेटलचा. बीड जास्त टिकतं, पण पावसाळ्यात तेल न घालता ठेवलं तर आतून गंजतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच चालवणार असाल तर गनमेटल बरं. व्हॉल्व्ह गिअरमध्ये (सिलिंडरला वेळेवर वाफ देणाऱ्या यंत्रणेत) वॉलशार्ट्स प्रकार दिसायला सगळ्यात सुंदर, कारण सगळं बाहेर दिसतं. स्वीट पीमधला हॅकवर्थ सोपा आहे. यात ड्रॉइंगवर विश्वास ठेवा आणि फार डोकं लावू नका.

ताकदीचं गणित मात्र स्वतः करून बघा. सिलिंडरचा व्यास ३.२ सेंमी, स्ट्रोक ५ सेंमी, वाफेचा दाब ५.६ किलो प्रति चौ. सेंमी (जुन्या भाषेत ८० पाउंड) आणि चाक १३ सेंमी. व्यासाचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले दाबाचे ८५ टक्के, भागिले चाकाचा व्यास: उत्तर साधारण १९ किलो खेच येते. आता इंजिनाचं पाण्यासकट वजन ६० किलो धरलं, तर लोखंडी रुळावर चाकाची पकड त्याच्या पाव हिश्शाएवढी, म्हणजे १५ किलो. इंजिनात खेच १९ ची आहे, रुळावर उतरते १५ च. वरची ताकद चाकं घसरण्यात जाते. म्हणून सिलिंडर मोठा करण्याचा मोह टाळा आणि वजन वाढवा. बफर बीमच्या मागे शिशाची लादी बसवली की फरक लगेच जाणवतो.

चेसिस झाली की बॉयलरची वाट न बघता ती कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवून बघा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर पुरतो, २ किलो दाब खूप झाला. चाकं जमिनीपासून उचलून ठेवा, सिलिंडरमध्ये तेल सोडा आणि अगदी हळू फिरवा. एका फेऱ्यात चार हुंकार सारख्या अंतराने आले पाहिजेत. एखादा लंगडत असेल तर त्या बाजूचा व्हॉल्व्ह स्पिंडलवर थोडा पुढे-मागे करा. हवेवर जे नीट चालत नाही ते वाफेवरही चालत नाही.

बॉयलर

इथे घाई नको. ५.६ किलो दाबाला पाणी १०० अंशांना नव्हे तर १६० अंशांच्या वर उकळतं. त्या तापलेल्या पाण्याला अचानक वाट मिळाली तर त्यातला बराच भाग क्षणात वाफ होतो. धोका तिथेच आहे.

आधी कायदा. बाष्पकांचा १९२३ चा कायदा जाऊन आता २०२५ चा आला आहे, पण छंदवाल्यांच्या कामाची मर्यादा दोन्हींत सारखीच: ज्याची क्षमता २५ लिटरपेक्षा कमी आहे ते भांडं कायद्याच्या व्याख्येतलं ‘बाष्पक’ ठरत नाही. ही क्षमता पाणी आत घेणाऱ्या फीड चेक व्हॉल्व्हपासून वाफ बाहेर सोडणाऱ्या मुख्य स्टीम व्हॉल्व्हपर्यंत मोजतात आणि ती पूर्ण भांड्याची असते, पातळी दाखवणाऱ्या काचेच्या अर्ध्यापर्यंत भरलेल्या पाण्याची नाही. ५ इंची इंजिनाचं नळकांडं १३ सेंमी व्यासाचं आणि ३० सेंमी लांबीचं असलं तर ते ४ लिटरचं होतं, फायरबॉक्सभोवतीचं पाणी धरूनही मर्यादा फार लांब राहते. सव्वासात इंचात मात्र २० सेंमी व्यास आणि ६० सेंमी लांबीचं नळकांडंच १९ लिटरच्या जवळ जातं, त्यामुळे तिथे आकडेमोड करूनच पुढे जा. २५ च्या वर गेलात तर नोंदणी, मंजूर वेल्डर, तपासणी हे सगळं राज्याच्या बाष्पके संचालनालयाच्या नियमांनी करावं लागेल. आणि २५ च्या आत आहात म्हणजे तपासणी नको असा अर्थ काढू नका. तिथे निरीक्षक येत नाही, म्हणून ते काम तुम्हालाच करायचं आहे.

तांबं की लोखंड? ५ इंचाला तांबं. ३ मिमीचा पत्रा, दहा किलोच्या आसपास वजन. महाग आहे, पण गंजत नाही आणि उष्णता झपकन पुढे नेतं. सव्वासात इंचाला लोखंडी बॉयलर परवडतो. त्यासाठी आयएस २००२ प्रतीचाच पत्रा घ्या, चाचणी प्रमाणपत्रासकट, आणि वेल्डिंग दाबाच्या भांड्यांचं काम करणाऱ्या वेल्डरकडूनच करून घ्या. ग्रिल-गेटवाला कितीही कसबी असला तरी हे त्याचं काम नाही.

तांब्याचा बॉयलर चांदीच्या ब्रेझिंगने जोडतात. इथे एक सापळा आहे. फ्रिज-एसीचे मेकॅनिक तांबं जोडायला जी स्वस्त कांडी वापरतात, तिच्यात फॉस्फरस असतो. कोळशाच्या धुरातल्या गंधकाने असे सांधे हळूहळू पोखरले जातात. कोळशावरच्या बॉयलरला ती नको. ५५ टक्के चांदीची, ६३० ते ६६० अंशांना वितळणारी कांडी घ्या आणि पाकिटावर कॅडमियममुक्त असल्याचं बघूनच घ्या. कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना घातक असतो. बॉयलरच्या बुशांसाठी पितळ वापरू नका. गरम पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं आणि उरतो तो ठिसूळ सांगाडा. गनमेटल किंवा ब्राँझच हवं.

तांबं उष्णता इतक्या वेगाने पसरवतं की एका टॉर्चने काही होत नाही. दोन मोठे एलपीजी टॉर्च, भोवती अग्निविटांचा आडोसा, १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर (घरगुती सिलिंडर या कामाला वापरणं बेकायदाही आहे) आणि सोबत एक माणूस, जो दुसरा टॉर्च धरेल. प्रत्येक जोडणीनंतर भांडं गार करून सायट्रिक ॲसिडच्या किंवा सौम्य गंधकाम्लाच्या पाण्यात बुडवून स्वच्छ करा. गंधकाम्ल पातळ करताना ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हे काम मार्च ते मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये करू नका, तिथे माणूस आधी वितळतो.

सपाट पत्रे नळकांड्यापेक्षा जास्त धोक्याचे. फायरबॉक्सची एक बाजू १५ बाय १२ सेंमीची धरली तर ५.६ किलो दाबाला तिच्यावर एक टन भार येतो. तो भार स्टे पेलतात. अडीच सेंमीच्या चौकटीत लावलेल्या प्रत्येक स्टेवर ३५ किलो. एक स्टे नीट झाळला गेला नाही तर त्याचा वाटा शेजारच्यांवर जातो. म्हणून आरसा आणि टॉर्च घेऊन एकेक सांधा बघा.

मग पाण्याची चाचणी. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरा, आत हवेचा बुडबुडाही नको. प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात तो हातपंप लावा आणि कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे ११ किलोपर्यंत हळूहळू न्या. अर्धा तास धरून ठेवा. काटा उतरू नये, सपाट पत्रे फुगू नयेत. पट्टी लावून आधी आणि नंतरची मापं लिहा. ही चाचणी हवेने कधीही करू नका. पाण्याने भरलेला बॉयलर फुटला तर पाणी सांडतं, हवेने भरलेला फुटला तर तुकडे उडतात. पुढे दरवर्षी दीडपट दाबाला तीच चाचणी.

सेफ्टी व्हॉल्व्ह दोन असावेत. भट्टी पूर्ण पेटलेली आणि ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडून आग ओढणारा) चालू असतानाही दाब कामाच्या दाबापेक्षा १० टक्क्यांहून वर जाता कामा नये. बॉयलरमध्ये पाणी ढकलण्याचे मार्गही दोन हवेत: एक्सलवरचा पंप किंवा इंजेक्टर (वाफेच्याच जोराने पाणी आत ढकलणारं साधन), आणि त्याशिवाय हातपंप. काचेची पातळी वाचणं आणि ब्लोडाउन करून, म्हणजे काचेखालचा नळ क्षणभर उघडून, काच खरं बोलतेय का ते तपासणं हे पुस्तकातून येत नाही. गळीत हंगामात भट्टीसमोर उभे राहिलेले एखादे निवृत्त अटेंडंट काका शोधा. त्यांचे बॉयलर पंधरा मजली असतील आणि तुमचा मांडीएवढा, पण शिस्त एकच.

पाणी

आपल्या बेसाल्टमधलं बोअरचं पाणी जड असतं. घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच बॉयलरच्या नळ्यांवर बसतो आणि तिथे त्याला कुणी बघत नाही. थर बसला की तांबं पाण्यापासून तुटतं, आगीकडची बाजू जास्त तापते आणि इंजेक्टरचे सुईएवढे कोन चोंदतात. बोअरचं पाणी बॉयलरला नकोच.

सगळ्यात चांगलं पाणी पावसाचं. मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही हे खरं, पण इंजिनाला लागतं ते थोडंच. १० चौरस मीटर पत्र्यावर २० मिमीची एक सर पडली की २०० लिटरचं ड्रम भरतं, आणि तेवढ्यात ५ इंची इंजिन दोन-तीन दिवस तरी चालतं. पहिली सर पत्रा धुवायला सोडून द्या, नंतरचं पाणी कापडातून गाळून अंधाऱ्या ड्रममध्ये ठेवा. ड्रम रिकामं झालं तर घरच्या आरओचं प्यायचं पाणी चालेल. आरओच्या नळीतून जे ‘वाया जाणारं’ पाणी आपण बादलीत धरतो ते मात्र नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. लोखंडी बॉयलर असेल तर नुसतं शुद्ध पाणी पुरत नाही, ते लोखंड खातं; पाणी अल्कधर्मी ठेवावं लागतं. पीएच कागद आणि मात्रा यांबद्दल साखर कारखान्याच्या पाणी तपासणाऱ्या केमिस्टला विचारा.

उन्हाळ्याची अडचण आणखी एक. टाकीतलं पाणी ४० अंशांच्या आसपास गेलं की लहान इंजेक्टर कुरकुरतो आणि मग पाणी घेईनासा होतो. वैशाखातल्या परभणीत उन्हात उभ्या इंजिनाची टाकी त्याच्याही पुढे जाते. नवखा माणूस इंजेक्टर खोलून बसतो, आणि दोष असतो पाण्याचा. टाकी सावलीत भरा, हातपंप तयार ठेवा. नाहीतर सरळ दिवाळी ते महाशिवरात्र हाच हंगाम माना.

आग

इकडे मिळणाऱ्या दगडी कोळशात राख खूप, बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या पुढे. मोठ्या बॉयलरला ती चालते, पण तळहाताएवढ्या जाळीवर अर्ध्या तासात राखेचा गोळा बसतो आणि हवा बंद. बाभळीचा लाकडी कोळसा लवकर पेटतो, राख कमी, पण लवकर संपतो आणि ठिणग्या उडवतो. मी दोन्ही मिसळून वापरायला सांगेन: सुपारीएवढे तुकडे, धूळ चाळून टाकलेली. धुराड्याखालच्या स्मोकबॉक्समध्ये स्टीलची बारीक जाळी लावणं सक्तीचं समजा. शेतात रूळ असेल आणि जवळ कडब्याची गंजी असेल तर तिथे इंजिन पेटवूच नका.

पेटवण्याआधी काच अर्धी भरलेली आहे हे बघा. धुराड्यावर १२ व्होल्टचा छोटा पंखा ठेवून आग ओढून घ्या, डिझेलमध्ये भिजवलेल्या लाकडी कोळशाने सुरुवात करा. दीड-दोन किलो दाब आला की इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर उघडा आणि पंखा काढा. आग नीट ओढली जात नसेल तर आधी ब्लास्ट नोझल (सिलिंडरमधली वापरलेली वाफ वर सोडणारं तोंड) धुराड्याच्या बरोबर मध्यावर आहे का ते ओळंबा सोडून तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

रूळ

आधी २० मीटरचा सरळ तुकडा टाका आणि त्यावर महिनाभर पुढे-मागे करा. वळणाची घाई नको, आणि केलंत तर त्रिज्या निदान १० मीटर. चढ शंभरात एकपेक्षा जास्त नको.

काळ्या मातीवर थेट रूळ टाकू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दर वर्षी रूळ वेगळ्याच दिशेला नेते. फूट-दीड फूट माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा आणि वर बारीक खडी पसरा. रुळाला लोखंडी पट्टी चालते. हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत रुळाचं तापमान ४५ अंशांनी बदललं तर २० मीटरमागे लोखंड साधारण १ सेंमी वाढतं, म्हणून सांध्यांत तेवढी जागा वाटून ठेवा.

ट्रॉली बुटकी आणि रुंद असावी, तिला पायाने दाबायचा ब्रेक असावा. लहान मुलं मधे आणि मोठं माणूस शेवटी. माणसाच्या जलद चालीपेक्षा जास्त वेग नको.

दिवस संपताना

आग संपू द्या, जाळी काढून राख टाका. पूर्ण दाब असताना बॉयलर रिकामा करू नका. दाब अर्ध्या-एक किलोवर आला की बॉयलरच्या तळाचा ब्लोडाउन व्हॉल्व्ह उघडा, म्हणजे तळाचा गाळ निघतो. उरलेल्या उष्णतेने आतला भाग वाळतो, तोवर झाकणं उघडी ठेवा. नळ्या ब्रशने साफ करा, सिलिंडरमध्ये तेल सोडून चाकं हाताने दोन-चार फेरे फिरवा, तेल सगळीकडे पोचतं. इंजिनाची एक वही ठेवा: तारीख, कुठलं पाणी, दाब किती धरला, काय गळत होतं. पहिल्या पानावर बॉयलरच्या पुढच्या पाण्याच्या चाचणीची तारीख लिहा, आणि ती उलटली असेल तर त्या दिवशी इंजिन पेटवू नका.